सेंट अँड्र्यूज: गायरानावरचं गोल्फ

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येतं ते उंच कंपाउंड, गेटवरचा वॉचमन आणि आत मेंबर लोकांचं काहीतरी चाललेलं. मी मूळची साताऱ्याची, नोकरीला पुण्यात होते, येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून रोजचं जाणं-येणं, पण त्या भिंतीपलीकडे काय आहे याचा विचार कधी डोक्यात आला नाही. आता आम्ही स्कॉटलंडमध्ये डंडीला राहतो आणि इथून 99 नंबरची बस पकडून टे नदीचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात सेंट अँड्र्यूज येतं, जिथे हा खेळ पाचशेच्या वर वर्षं चालू आहे, आणि तिथे भिंतच नाहीये. हे मला सगळ्यात आधी सांगायचंय, कारण टायगर वूड्स, चांदीची सुरई, लाखालाखांची गर्दी, हे सगळं त्याच्यानंतर येतं.

तिथला ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. बंद म्हणजे खेळायला बंद, फिरायला उघडा. गावातली माणसं कुत्री घेऊन येतात, कुणी बाबागाडी ढकलत येतं, आजी-आजोबा बाजूच्या वेस्ट सँड्सच्या चौपाटीवर जायला मधूनच निघतात. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चालू नका, बंकरमध्ये उतरू नका एवढंच सांगणं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बंकरच्या काठावर किती वेळ उभी होते. टीव्हीवर वाळूचा साधा खड्डा वाटतो तो, पण जवळ गेलं की दिसतं, आतली भिंत हिरवळीचे चौकोनी तुकडे एकावर एक रचून जवळजवळ उभी केलेली आहे, त्या तुकड्यांच्या मधल्या फटीतून गवताची मुळं लोंबत असतात आणि खाली वाळू दाबून गुळगुळीत केलेली. असे 112 बंकर आहेत त्या एका मैदानात. 14 व्या होलवरच्या (होल म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा, शेवटी भोक असलेला) एकाचं नावच हेल बंकर, म्हणजे नरकच, आणि 1995 च्या ओपन स्पर्धेत जॅक निक्लॉससारखा माणूस, ज्याच्या नावावर 18 मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, आहेत, त्याला तिथून बॉल बाहेर काढायला चार फटके लागले आणि त्या एका होलला 10 फटके झाले.

आता ही जमीन कोणाची? तर गावाची. आपल्याकडे गायरान असतं ना गावाचं, अगदी तसंच. समुद्राकाठची रेताड जमीन, पीक काही येत नाही, मग तिथे मेंढ्या चरायच्या, बायका कपडे वाळत घालायच्या आणि लोक गोल्फ खेळायचे. 1552 साली इथल्या आर्चबिशपने लेखी मान्य केलं की त्या जमिनीवर ससे पाळायचा हक्क त्याला असला तरी गावकऱ्यांचा खेळायचा आणि जनावरं चारायचा हक्क जात नाही. पुढे 1797 ला गावाची पालिका कर्जात बुडाली, जमीन हातातून गेली आणि ती दोन वर्षांत सशांचा धंदा करणाऱ्यांकडे आली. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली आणि मग गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असं भांडण वीसेक वर्षं चाललं, कोर्टकचेऱ्या झाल्या, 1821 ला जेम्स चीप नावाच्या गोल्फ खेळणाऱ्या जमीनदाराने ती विकत घेतली आणि मैदान वाचलं. 1894 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने जमीन परत गावाकडे आली आणि 1974 पासून एक ट्रस्ट सगळा कारभार बघतो. गायरान हातचं जाणं आणि परत मिळवणं ही काय चीज असते ते आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आणि लोक अजूनही हक्काने बोलतात. 18 व्या होलवर एक छोटासा दगडी पूल आहे, स्विल्कन ब्रिज, सातशे वर्षं जुना म्हणतात, मेंढपाळांनी जनावरं ओढ्यापलीकडे न्यायला बांधलेला. जगातला प्रत्येक गोल्फर तिथे फोटो काढतो. 2023 च्या फेब्रुवारीत ट्रस्टने त्याच्या पायथ्याशी दगडी फरशी घालायला घेतली, गवत झिजतं म्हणून, तर असा काही गदारोळ उठला की थोड्याच दिवसांत ती काढून परत हिरवळ लावली.

अजून एक गंमत बघा, पहिल्या आणि 18 व्या होलच्या मधून आडवा एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाईंड नावाचा. साध्या दिवशी खेळणारे थांबतात आणि माणसं रस्ता ओलांडतात. खेळायला मिळतं कसं, तर बरीचशी स्लॉट लॉटरीने, त्याला बॅलट म्हणतात. काही दिवस आधी नाव टाकायचं, नंबर लागला तर खेळायचं, मग तुम्ही जपानमधून आलात का पलीकडच्या गल्लीतून. बाहेरच्यांना फी बरीच आहे, ते खरं आहे, पण मेंबर नाही म्हणून आत यायचं नाही असं कुणी म्हणत नाही.

मग मला ओपनचं वेड लागलं. गोल्फमध्ये वर्षाला चार मोठ्या स्पर्धा असतात, त्यांना मेजर म्हणतात: एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैत ही, नुसती 'ओपन', सगळ्यात जुनी. पहिली झाली 1860 ला, सेंट अँड्र्यूजला नाही तर पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला, खेळणारे आठ जण, 12 होलचं मैदान, एका दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क जिंकला आणि दोन फटक्यांनी दुसरा आला तो टॉम मॉरिस.

या टॉम मॉरिसचं आणि त्याच्या मुलाचं मला फार वाटतं. बापाचं आणि मुलाचं नाव एकच, म्हणून ओल्ड टॉम आणि यंग टॉम. 1867 ला बाप ओपन जिंकला तेव्हा 46 वर्षांचा, आजवरचा सगळ्यात वयस्कर विजेता. पुढच्याच वर्षी मुलगा जिंकला, 17 वर्षांचा, सगळ्यात लहान. दीडशेहून जास्त वर्षं झाली, दोन्ही रेकॉर्ड अजून त्या एकाच घरात आहेत. मुलगा 1868, 1869, 1870 असा सलग तीनदा जिंकला आणि नियम असा होता की तीनदा जिंकलं की बक्षिसाचा पट्टा कायमचा त्याचा, तर तो पट्टा घरी घेऊन गेला आणि 1871 ला द्यायला बक्षीसच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. मग नवीन बक्षीस म्हणून ती चांदीची सुरई ठरली, क्लॅरेट जग, आणि तिच्यावर पहिलं नाव कोरलं गेलं ते पण याचंच, 1872 चं.

1875 च्या सप्टेंबरमध्ये बाप-लेक समुद्रापलीकडे नॉर्थ बेरिकला सामना खेळत होते. तार आली की यंग टॉमची बायको बाळंतपणात अडली आहे, ताबडतोब या. रेल्वेने वळसा पडला असता म्हणून कुणाची तरी शिडाची बोट घेऊन निघाले, तोवर दुसरी बातमी आली की आई आणि बाळ दोघंही गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी यंग टॉम गेला, वय 24. सेंट अँड्र्यूजच्या पडक्या कॅथेड्रलच्या आवारात भिंतीला लागून त्याचं स्मारक आहे, टोपी घालून बॉल मारायच्या पवित्र्यात उभा, आणि पायाशी लोक गोल्फचे बॉल ठेवून जातात. बाप त्यानंतर तीसेक वर्षं जगला, मैदानाची देखभाल करत राहिला, तोही तिथेच आहे. मी कॅथेड्रलला जाते तेव्हा प्रत्येक वेळी तिथे थांबते.

2022 ला 150 वी ओपन सेंट अँड्र्यूजला होती. तिकिटांसाठी 13 लाखांवर अर्ज आले होते आणि बघायला आले 2 लाख 90 हजार लोक, गाव केवढं तर सोळा-सतरा हजार वस्तीचं. आम्हाला शुक्रवारचं तिकीट लागलं. टायगर वूड्सने याच मैदानावर 2000 आणि 2005 ला ओपन जिंकलेली, 2000 ला तर आठ फटक्यांच्या फरकाने, पण 2021 च्या अपघातात त्याच्या पायाचा पार चुराडा झाला होता आणि त्या शुक्रवारी तो लंगडत चालत होता, दोन दिवसांत 78 आणि 75 फटके केलेले (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं), पुढच्या फेरीत जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. स्विल्कन ब्रिजवर त्याने टोपी काढली, आणि 18 व्या होलच्या दोन्ही बाजूंनी, स्टँडमधून, रस्त्यापलीकडच्या घरांच्या खिडक्यांतून माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, तेवढ्यात बाजूच्या पहिल्या होलवरून खेळायला निघालेल्या उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅकलरॉयने आपल्या टोपीला हात लावून त्याला मान दिला. टायगर डोळे पुसत चालला होता. माझ्या शेजारी एक आजोबा होते, 1970 ला निक्लॉस जिंकला तेव्हा इथेच होतो म्हणाले, आणि मग काही बोललेच नाहीत.

रविवार आम्ही टीव्हीवर पाहिला. सगळं स्कॉटलंड, आयर्लंड रोरीच्या बाजूने. त्याने त्या दिवशी 18 च्या 18 ग्रीन बरोबर गाठले, एकही मोठी चूक नाही, पण पट (ग्रीनवरून भोकात ढकलायचे हलके फटके) पडेनात, दोनच बर्डी, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, एक कमी. आणि चार फटके मागे असलेला ऑस्ट्रेलियाचा कॅमरन स्मिथ 10 पासून 14 पर्यंत सलग पाच बर्डी मारून पुढे गेला. मग 17 वा होल, रोड होल. तिथे ग्रीनच्या पुढ्यात तो खोल बंकर आणि मागे खराखुरा रस्ता आणि दगडी भिंत. स्मिथचा बॉल असा येऊन थांबला की झेंडा आणि त्याच्या मध्ये नेमका बंकर. दुसरा कुणी वरून उडवायला गेला असता. यानं पटर, म्हणजे पट मारायची काठी, काढला आणि बंकरच्या कडेच्या उतारावरून बॉल वळवत वळवत ग्रीनवर नेला आणि पुढचा पट घालून पार वाचवला. 64 केले, एकूण 20 अंडर, म्हणजे पारपेक्षा 20 कमी, आणि एका फटक्याने जिंकला. तो एक पटचा फटका मी त्यानंतर कितीदा पाहिलाय, प्रत्येक वेळी वाटतं बॉल वळून बंकरात जाणार. रोरीसाठी वाईट वाटलंच, पण 2025 ला त्याने मास्टर्स जिंकून चारही मेजर पूर्ण केले तेव्हा आमच्या घरी मध्यरात्री चहा झाला.

बायकांचं सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील, कारण मैदान गावाचं असलं तरी क्लब पुरुषांचा होता. पहिल्या टीच्या (जिथून पहिला फटका मारतात) मागे जी करड्या दगडाची देखणी इमारत दिसते त्या आर अँड ए क्लबने बायकांना सभासद करायचं ठरवलं ते थेट 2014 मध्ये. अमेरिकेत जिथे मास्टर्स होते त्या ऑगस्टा क्लबवाल्यांनी दोन वर्षं आधी, 2012 ला. मला हे उशिराचं शहाणपण वाटतं आणि उशीर फारच केला. पण गावातल्या बायका काही वाट बघत बसल्या नव्हत्या, त्यांनी 1867 मध्येच स्वतःचा पटिंग क्लब काढला होता. खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणं बाईला शोभत नाही असा तो काळ, म्हणून नुसतं पटिंग. ते मैदान म्हणजे सगळे उंचवटे आणि खळगे, नाव काय तर हिमालयाज, आणि आजही थोडे पौंड देऊन कुणीही जाऊन खेळू शकतं. माझ्या लेकाने गोल्फची पहिली काठी हातात धरली ती हिमालयाजवर. एका खळग्यातून बॉल वर चढवला की तो शिखरावर क्षणभर थांबतो आणि परत आपल्याच पायाशी येतो, पोरं खिदळतात, मोठी माणसं सुद्धा.

ओल्ड कोर्सवर बायकांची पहिली ओपन झाली 2007 ला, लोरेना ओचोआ जिंकली. 2024 ला परत झाली तेव्हा न्यूझीलंडची लिडिया को जिंकली, वारा-पाऊस सगळं अंगावर घेत, शेवटच्या होलवर बर्डी मारून, पॅरिसचं ऑलिम्पिक गोल्ड घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील. आपल्याकडे लिडियाचं नाव आठवत असेल तर ते टोकियोमुळे: 2021 च्या त्या शनिवारी सकाळी अख्खा देश अदिती अशोकसाठी टीव्हीसमोर बसला होता आणि एका फटक्याने तिचं मेडल हुकलं, ते ब्राँझ लिडियाकडे गेलं. अदिती चौथी. ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिलं नव्हतं ते लोक त्या सकाळी व्हॉट्सॲपवर बर्डी आणि पारबद्दल विचारत होते.

आपली मुलं मेजरमध्ये येतात, हे पण सांगायला पाहिजे. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर. 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचव्या स्थानापर्यंत गेला, भारतीयाने पुरुषांच्या मेजरमध्ये गाठलेली ती सगळ्यात वरची जागा. ओपनमध्ये शुभंकर शर्मा 2023 ला लिव्हरपूलजवळ होयलेकला संयुक्त आठवा आला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिक खेळला. यातल्या बऱ्याच जणांना सुरुवातीला मैदान मिळालं ते लष्कराचं नाहीतर क्लबचं, आणि ज्याच्या घरी दोन्हीपैकी काही नाही त्या पोराला कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, म्हणून आत शिरण्यापलीकडे वाट नसते. आपल्याकडचे कितीतरी चांगले व्यावसायिक गोल्फर असे कॅडीचं काम करत करत शिकलेत. पुण्या-मुंबईत एखादं हिमालयाज का असू नये हे मला खरंच कळत नाही. अर्धा एकर उंचसखल जमीन, दहा-वीस जुने पटर आणि बॉल, एवढंच तर लागतं.

2027 च्या जुलैमध्ये ओपन परत सेंट अँड्र्यूजला येतेय. कुणाला यायचं असेल तर तिकिटं बॅलटने असतात, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि 16 वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. जुलै असला तरी जाड जाकीट आणि रेनकोट आणा, छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. राहायची जागा त्या आठवड्यात गावात मिळणं अवघड, डंडीत बघा आणि बसने या. आणि स्पर्धेची गर्दी नकोच असेल तर दुसऱ्या कुठल्याही साध्या रविवारी या, 18 व्या होलवरून चालत स्विल्कन ब्रिजवर जा, तिथून रोड होलच्या बंकरपाशी, मग हिमालयाज. तिकीट लागतं ते फक्त शेवटच्याला.