कुपवाडचा व्हीएमसी: ८७ गेला, पण प्रोग्राम अर्धाच चढत होता

कुपवाडच्या व्हीएमसीवर (फॅनक कंट्रोलचं, उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) लॅपटॉपवरून सिरियल केबलने प्रोग्राम चढवताना पडणारा ८७ चा अलार्म आता येत नाही. तो गेल्यावर त्याच्याहून त्रासदायक दोष समोर आला. प्रोग्राम अर्धाच चढतो आणि कंट्रोल त्याबद्दल काहीच बोलत नाही. 'इनपुट' लुकलुकायचं थांबतं, यादीत ओ-नंबर, म्हणजे प्रोग्रामचा क्रमांक, दिसतो, अलार्म शून्य. खाली जाऊन पाहावं तर एम३०, म्हणजे प्रोग्रामच्या शेवटचा कोड, गायब. कारण आता पक्कं सापडलंय, आणि कॅममध्ये (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑपरेशनची नावं मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत हवं.

आधी ८७ बद्दल थोडक्यात. फॅनकने एक्सऑफ, म्हणजे 'थांब' सांगणारं डीसी३ अक्षर, पाठवल्यावर समोरून १० च्या वर अक्षरं आली की हा अलार्म पडतो. ९६०० बॉडला १ स्टार्ट बिट, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटीचा (चूक पकडायचा) १ बिट आणि २ स्टॉप बिट धरले तर एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ८७० अक्षरं. लॅपटॉपच्या यूएसबीला लावलेल्या एफटीडीआय सिरियल कन्व्हर्टरचा लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा लॅपटॉपला देण्याआधी थांबायचा वेळ, मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. तेवढ्या वेळात १४ अक्षरं निघून जातात, शिवाय चिपच्या बफरमध्ये भरलेली वेगळीच. म्हणून एक्सऑफ ओळखायचं काम सेंडर सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही. पोर्टच्याच सेटिंगमध्ये एक्सऑन/एक्सऑफ द्यायचं, मग चिप स्वतः थांबते. लेटन्सी १ वर आणली तरी बफरमधला माल थांबत नाही, त्यामुळे नुसत्या त्या उपायावर विसंबू नका.

केबलही नवी केली. मशीनकडच्या २५ पिनी कनेक्टरचे २, ३ आणि ७ हे संगणकाकडच्या ९ पिनीच्या २, ३ आणि ५ ला. मशीनकडे ४-५ जम्पर आणि ६-८-२० जम्पर, संगणकाकडे ७-८ आणि १-४-६. शिल्डची जोडणी मशीनच्याच बाजूला. बाजारात 'सीएनसी केबल' म्हणून मिळणारी पंचवीसही तारा जोडलेली केबल घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. फॅनकच्या पिन २५ वर +२४ व्होल्ट असतात. सुटे कनेक्टर आणि शिल्डेड वायर आणून स्वतः सोल्डर केलेलं कधीही बरं.

आता मूळ दुखणं. जॉब मिरजेच्या तानपुऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, आहे. फक्त वरचा आकार काढायचा, जवारीसाठी (तारेचा नाद खुलवायला घोडीचा माथा घासण्यासाठी) माल राखून. जवारी हातानेच निघते, तिथे मशीनचं काम नाही. रफिंगचा सगळा भाग व्यवस्थित चढायचा आणि दुसऱ्या टूलच्या सुरुवातीला प्रोग्राम तुटायचा.

पहिला धागा असा मिळाला की तो दरवेळी एकाच जागी तुटत होता. ड्राइव्हचा नॉइज किंवा सैल अर्थिंग असेल तर तुटायची जागा बदलत राहते, आणि बहुतेक वेळा ८५, म्हणजे कम्युनिकेशन एररचा अलार्म, पडतो. इथे ४८०० बॉड करा, केबल बदला, लॅपटॉप चार्जरवरून काढा, जागा तीच. म्हणजे दोष तारेत नव्हता, फाइलमध्ये होता. मशीनऐवजी दुसरा कन्व्हर्टर ऐकायला लावला, तोही ७-इव्हन-२ वर, आणि आलेला डेटा हेक्समध्ये, म्हणजे बाइटांच्या आकड्यांत, उघडला. तुटायच्या जागी होतं: २८ ६० २४ १८ ६० २५. यातला २८ म्हणजे उघडता कंस आणि २५ म्हणजे %. फॅनकच्या लेखी % आला की फाइल संपली, आणि या कंट्रोलने कंसातला %ही सोडला नाही.

त्या जागी फाइलमध्ये कॉमेंट होती: (घोडी फिनिश). युटीएफ-८ मध्ये, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, 'घ' म्हणजे ई० ए४ ९८, आणि 'ो' म्हणजे ई० ए५ ८बी. पोर्ट ७ बिटांवर असल्याने प्रत्येक बाइटचा वरचा बिट गळून पडतो, आणि ए५ चा २५ होतो. पॅरिटी गळल्यानंतरच्या ७ बिटांवर मोजली जाते, त्यामुळे ती अगदी बरोबर असते. म्हणूनच ८५ येत नव्हता! हे जुळलं तेव्हा झालेला आनंद मोठा होता.

'(रफ कट)' बिनधोक का जायचं, तेही यातून उलगडलं. साधी व्यंजनं, काना, पहिली वेलांटी आणि अनुस्वार यांची मधली बाइट ए४ असते, तिचा $ होतो. दुसरी वेलांटी, दोन्ही उकार, मात्रा, अर्धचंद्र, हलन्त आणि मराठी आकडे या सगळ्यांची मधली बाइट ए५ आहे, म्हणजे थेट %. व्यंजनांत 'थ' घातक, कारण त्याची शेवटची बाइट ए५. 'न' चा उघडता कंस होतो, 'ऊ' मधून एलएफ, म्हणजे ओळ संपल्याची खूण (ईओबी), निघतो. फाइलच्या सुरुवातीचा बॉम (युटीएफ-८ ची अदृश्य ओळखखूण) मात्र निरुपद्रवी, तो पहिल्या ईओबीपर्यंतच्या लेबल स्किपमध्ये वगळला जातो.

मराठी लिहीत नसाल तरी सुटका नाही. ४५ पुढचं अंशाचं चिन्ह पडद्यावर 'बी०' होऊन येतं. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबवरून चिकटवलेल्या ओळीत नॉन-ब्रेकिंग स्पेस असेल तर तिच्या जागी 'बी' आणि स्पेस जाते, आणि तीही कॉमेंटबाहेर, सरळ जी-कोडच्या ओळीत.

तात्पुरता इलाज सोपा आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये सर्चखालच्या 'फाइंड कॅरेक्टर्स इन रेंज' मधून नॉन-आस्की (साध्या इंग्रजी संचाबाहेरची) अक्षरं शोधा, किंवा फाइल आन्सी एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. दुसऱ्या पद्धतीत इंग्रजी विंडोजवर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि प्रोग्राम पूर्ण जातो. अंशाचं चिन्ह आणि नॉन-ब्रेकिंग स्पेस मात्र आन्सीतही टिकतात, म्हणून पहिली पद्धतच चांगली.

कायमचा इलाज म्हणून पोस्ट-प्रोसेसरमध्ये (कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा भाग) १२७ च्या वरची सगळी अक्षरं गुपचूप उडवायचं ठरवलं होतं. हे लिहिताना ते चुकीचं वाटतंय. कोऑर्डिनेटच्या ओळीत असं अक्षर आलं तर ते दिसलंच पाहिजे. म्हणून पोस्टने फाइल बनवायचीच नाही, ओळ क्रमांक दाखवून थांबायचं. मराठी नावं सेटअप शीटवर राहतील, प्रोग्राममध्ये फक्त टूल नंबर आणि रोमन कॅपिटलमध्ये नाव.

चढवलेला प्रोग्राम परत पंच करून, म्हणजे मशीनवरून लॅपटॉपवर पाठवून, मूळ फाइलशी ताडून पाहायची पायरीही जोडतोय. त्यासाठी पॅरामीटर १०० चा बिट ३ एक करायचा, नाहीतर दर ओळीला एलएफ सीआर सीआर येतं आणि तुलनेत सगळ्याच ओळी वेगळ्या दिसतात. ते बसलं की १९२०० वर ड्रिप फीड, म्हणजे मशीन चालू असताना प्रोग्राम थोडा थोडा पाठवणं.