टाकी बाहेर शहाणी, आत गळकी: ४६ ट्रेनरची पुढची नोंद

माझ्या रेडिओने उडवायच्या मॉडेल विमानाच्या इंधनटाकीची गळती सापडली. स्टॉपर म्हणजे टाकीच्या तोंडाचं रबरी बूच नव्हे, क्लंकची म्हणजे टाकीतली टोकाला वजन लावलेली नळी नव्हे, टाकीचा जोडही नव्हे. मागच्या नोंदीवर नवी टाकी टाका म्हणणाऱ्यांनी नाराज होऊ नये. नवीही टाकली होती, आणि तीही तशीच गळत होती. गंमत म्हणजे दोन्ही टाक्या निर्दोष निघाल्या.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात: ४६ साइझचं (०.४६ घनइंच) टू-स्ट्रोक ग्लो इंजिन, म्हणजे ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं, हाय-विंग ट्रेनर म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ विमान, एफएआयचं (हवाई खेळांची जागतिक संघटना) ८०/२० इंधन म्हणजे ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, नायट्रो (नायट्रोमिथेन) शून्य. मफलर प्रेशर, म्हणजे मफलरमधला दाब नळीने टाकीत घेतलेला. आयडल (सगळ्यात कमी गतीवरचं चालणं) सुधारावं म्हणून बसवलेला ऑनबोर्ड ग्लो ड्रायव्हर, म्हणजे उडतानाही प्लगला करंट देणारी जोडणी. दुखणं असं की उड्डाणानंतर हॅच (टाकीकप्प्याचं झाकण) उघडली की भपकन वास, टाकीखालचा फोम चिकट, आणि टाकी अर्धी झाली की इंजिन हवेतच लीन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. नीडल (इंधनाची मात्रा ठरवणारी सुई) कितीही उघडा, थोड्या वेळाने पुन्हा तेच रडगाणं.

टाकी काढून एक नळी बंद केली, दुसरीतून हवा भरली, पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. परत बसवून उडवलं, परत ओली. स्टॉपरचा स्क्रू आणखी कसला, परत ओली. या प्रकारात माणसाची मती गुंग होते, कारण प्रत्येक चाचणी सांगते की सगळं ठीक आहे आणि प्रत्येक उड्डाण सांगतं की नाही.

शेवटी बुडबुड्यांचा नाद सोडून यू नळी केली. पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बसवायची, अर्धी रंगीत पाण्याने भरायची, एक टोक टीमधून टाकीच्या प्रेशर नळीला, टीच्या तिसऱ्या तोंडाला सिरिंज. दोन बाजूंच्या पातळीत ५० सेंटिमीटर फरक पडला की साधारण ५ किलोपास्कल दाब झाला. सिरिंज मोठी घ्या, लहानीने पंप करत बसावं लागतं. टाकी अर्थात रिकामी आणि कोरडी, रात्रभर उघडी ठेवून वारा दिलेली. इंधनाची वाफ भरलेल्या बंद टाकीत दाब चढवून ती तोंडासमोर धरणं मला मान्य नाही, मग काम कितीही लवकर होवो.

टाकी टेबलावर असताना पाणी ढिम्म हललं नाही. तीच टाकी विमानात बसवली, इंजिनकडची नळी जोडून चिमट्याने बंद केली, दाब दिला, आणि पातळी डोळ्यांदेखत उतरू लागली. त्या क्षणी मी खोलीत एकटाच होतो, तरी मोठ्याने ओरडलो.

मग शोध सोपा झाला. फायरवॉलमधलं, म्हणजे इंजिनमागच्या फळीतलं, टाकीच्या मानेचं भोक किटमध्येच जरा खाली पाडलेलं आहे. टाकी फोममध्ये नीट बसली की तिची मान भोकाच्या मध्यापेक्षा वर येते, पितळी नळ्या भोकाच्या वरच्या कडेखाली दाबल्या जातात, आणि त्या नळ्या तरफेसारखं काम करून स्टॉपरची वरची कड किंचित उचलतात. एवढीशी फट. टाकी बाहेर काढली की ताण जातो, स्टॉपर पुन्हा घट्ट. म्हणून बाहेर शहाणी. हवेत मफलरचा दाब आणि इंजिनची थरथर मिळाली की तिथून इंधनही जातं आणि दाबही जातो. टाकी भरलेली असेपर्यंत निभावतं. पातळी खाली गेली, दाबाचा आधार नाही, की इंजिन लीन. वास आणि लीन होणं ही दोन दुखणी म्हणून मी वेगळी धरली होती, ती एकाच फटीची होती.

खात्री फोनला लावायच्या एंडोस्कोपने केली. मानेभोवती ब्रशने साबणाचं पाणी लावलं, कॅमेरा आत सरकवला, वरच्या कडेला बारीक फेस. या छंदातली सगळ्यात कमी लेखलेली वस्तू कोणती म्हणाल तर हा स्वस्त एंडोस्कोप. चित्र भिकार दिसतं, पण कुठे पाहायचं ते कळतं आणि तेवढं पुरतं. किटवाल्यांना शिव्या देत नाही. पंखांच्या रिब्ज त्यांनी फार सुरेख कापल्या आहेत. भोक मात्र कुणीतरी जेवणाच्या सुट्टीआधी पाडलेलं दिसतं.

आता खरं लिहायचं ते पुढे आहे. गळती सापडायच्या आधी, ती किती आहे हे मोजण्यासाठी टाकीखाली टिश्यू पेपरच्या घड्या ठेवल्या होत्या. सोनारी काट्यावर आधी वजन, उड्डाणानंतर हॅच थोडा वेळ उघडी ठेवून पुन्हा वजन. मिथेनॉल उडून जातं, एरंडेल मागे राहतं. कागदावर साधारण २ ग्रॅम वाढले. एरंडेलाची घनता पाण्याहून थोडी कमी, म्हणजे २ मिलीलीटर तेल. हे तेल मिश्रणाचा पाचवा भाग. म्हणजे गळलेलं इंधन १० मिलीलीटर, आणि त्यातलं ८ मिलीलीटर मिथेनॉल कप्प्यात वाफ होऊन गेलं. बॉलसा लाकडाने प्यायलं ते वेगळंच.

८ मिलीलीटर ऐकायला काहीच नाही. पण मिथेनॉलची वाफ हवेत आकारमानाने ६ टक्के झाली की पेटू शकते, आणि ३६ टक्क्यांपर्यंत पेटत राहते. एक लीटर हवेत ६ टक्के वाफ व्हायला द्रव मिथेनॉल किती लागतं? ०.१ मिलीलीटरच्या आतबाहेर. चार-पाच थेंब! माझ्या टाकीकप्प्यात मोकळी हवा जेमतेम लीटरभर असेल. गळलेलं मिथेनॉल ८० पट होतं. उडताना हॅचच्या फटींतून वारा खेळतो म्हणून बरं. पण उतरल्यावर विमान उन्हात उभं, हॅच बंद, आणि त्याच कप्प्यात ऑनबोर्ड ड्रायव्हरची बॅटरी, त्याचा स्विच, रिसीव्हरचा बॅटरी पॅक. स्विच सरकवताना होणारी बारीक ठिणगी आपल्याला दिसतही नाही.

हा हिशोब कागदावर मांडेपर्यंत माझा बेत असा होता: भोक गोल कानशीने वर वाढवायचं, कड पातळ इपॉक्सीने सील करायची, टाकी परत, ड्रायव्हर जिथल्या तिथे. हिशोबानंतर ड्रायव्हर काढून टाकला. आधी विचार होता की बल्कहेडच्या (आतल्या आडव्या फळीच्या) मागे सर्व्होंजवळ (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरींजवळ) हलवू. पण तिकडेही हवा जातेच, आणि तारांसाठी पाडलेलं भोक म्हणजे वाफेला रस्ताच. मिथेनॉलची वाफ हवेपेक्षा किंचितच जड आहे. ती तळाशी बसून राहील या भरवशावर काही रचू नका.

मग आयडलचं काय? ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेत स्वतःच तापलेली राहते, तिला सतत करंट लागत नाही, हाच तर या इंजिनचा मूळ चमत्कार. ड्रायव्हर हा कुबडीचा प्रकार. पहिला उपाय म्हणून आयडल-बार (तारेसमोरची आडवी पट्टी) असलेला, थोडा गरम प्रकारचा प्लग लावतोय. त्यानेही भागलं नाही तर ५ टक्के नायट्रो. नायट्रोमिथेन आलं की आयडल गुळगुळीत होतं, पण त्याला जळायला हवा कमी लागते (वजनाने १ भागाला १.७ भाग, मिथेनॉलला ६.४) त्यामुळे नीडल नव्याने लावावी लागेल, आणि बेअरिंगना गंज लवकर येतो. आफ्टर-रन तेलाचा (उड्डाणानंतर इंजिनात घालायच्या गंजरोधक तेलाचा) कंटाळा करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

इथे एक आग्रह. नायट्रो घ्यायचंच तर तयार मिश्रणातलं घ्या. शुद्ध नायट्रोमिथेनचा कॅन घरात आणून "आपणच मिसळू, स्वस्त पडतं" हे नको. १९५८ साली अमेरिकेत नायट्रोमिथेन भरलेल्या रेल्वेच्या टाकीवॅगनांचे दोन वेगवेगळे स्फोट झाले होते. ५-१० टक्क्यांच्या तयार इंधनाचं वर्तन वेगळं, तरी त्या डब्याशेजारी अमोनियाची क्लीनरं, कॉस्टिक, पूल ॲसिड असलं काहीही ठेवायचं नाही आणि त्यात बाहेरचं काही ओतायचं नाही.

हिशोबाची गोडी लागल्यावर इंधनाच्या डब्याकडेही मोर्चा वळवला, आणि इथे मला सगळ्यात जास्त धक्का बसला. पेट्रोलच्या अर्ध्या डब्यात वरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की नेहमीच्या तापमानाला ती पेटण्याच्या मर्यादेच्या वर जाते. मिथेनॉलचं तसं नाही. २५ अंशांना त्याच्या बंद डब्यात वरची हवा साधारण १७ टक्के वाफेची असते. म्हणजे ६ आणि ३६ च्या बरोबर मधे. साधारण ११ अंशांपासून ४० अंशांपर्यंत, म्हणजे आपण उडवतो त्या बहुतेक सगळ्या हवामानात, अर्धा रिकामा डबा पेटण्याजोग्या हवेने भरलेला असतो. "पेट्रोलपेक्षा ग्लो इंधन सौम्य" असं जे आपण एकमेकांना सांगतो ते फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे वाफ पेटू शकेल अशा किमान तापमानावरून, सांगतो. उघड्यावर सांडलं तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. डब्याच्या आत मात्र उलट.

म्हणून मोठा कॅन आता मैदानावर नेतच नाही. त्या दिवसापुरतं लहान डब्यात, डबा भरलेला, सावलीत, फील्ड बॉक्सपासून (मैदानावर न्यायच्या सामानाच्या खोक्यापासून) चार पावलं दूर. फील्ड बॉक्समधली १२ व्होल्टची बॅटरी, पॉवर पॅनेल आणि इंधनाचा डबा एकाच खोक्यात शेजारी बसवायची जी पद्धत आहे ती कुणी काढली कोण जाणे. बाजारात तयार मिळणारे खोकेही तसेच. इलेक्ट्रिक पंपही काढला. त्याच्या मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात. हाताने फिरवायचा पंप हळू आहे, पण ओव्हरफ्लो येताना हाताला कळतं. ओव्हरफ्लोची नळी गवतावर सोडून देत होते काही जण, ती बाटलीत घ्या. भरताना प्लगवर इग्नायटर (प्लग तापवायची बॅटरीवाली टोपी) नको, हे सांगायला नको, पण सांगतो.

झाकणाचं सील घट्ट हवं, हे दुसऱ्या कारणानेही. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी वाढलं की एरंडेल नीट विरघळून राहत नाही, इंधन गढूळ दिसतं. थंडीतही गढूळ होतं, तेव्हा आधी खोलीच्या तापमानाला आणून मग निकाल द्या. माझ्या सध्याच्या पुरवठादाराचं सील उत्तम असतं. आधीच्याच्या डब्यावर तेलाचं प्रमाणसुद्धा छापलेलं नसायचं, तो विषय संपवला.

आग लागलीच तर? मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्सच्या गाडीत मिथेनॉल इंधन भरताना ते सांडून पेटलं. माणसं जळत होती आणि पाहणाऱ्यांना ज्वाळा दिसत नव्हत्या. आपल्या इंधनात तेल असल्याने थोड्या वेळाने पिवळी झाक येते, पण सुरुवातीला ज्योत तशीच. हवा थरथरताना दिसली, गवत आपोआप काळं पडू लागलं, तर हात घालून पाहू नका. मी ड्राय पावडरचं लहान एक्स्टिंग्विशर जवळ ठेवतो. पाणी चालतं, पण भरपूर लागतं. एक चतुर्थांश मिथेनॉल असलेलं पाणीसुद्धा पेटू शकतं. कार्ब्युरेटर पेटला तर स्टार्टर फिरवत ठेवला की ज्योत बरेचदा आत ओढली जाऊन विझते. इंधनाने तुंबलेल्या इंजिनवर मात्र स्टार्टर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल.

हातमोज्यांबद्दल: पातळ नायट्राइल मोजे शिंतोड्यांपुरते ठीक. मिथेनॉल त्यांतून काही मिनिटांत पार होतं, भिजले की काढून हात धुवा. त्वचेतून ते शरीरात जातं, शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळ्यांच्या नसेवर घाव पडतो. रंगीत इंधन पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणारा माणूस दिसला तर त्याच्याशी भांडा. चुकून कुणी प्यायलंच तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालय. पहिले काही तास माणूस ठीक दिसतो, त्यावर जाऊ नका.

सध्या फायरवॉलवर इपॉक्सी वाळतंय. भोक वर वाढवलं, नळ्या आता कुठेही टेकत नाहीत, यू नळीची चाचणी टाकी बसवून केली आणि पाणी जागचं हललं नाही. तेलकट फायरवॉलवर इपॉक्सी धरत नाही, म्हणून आधी तेल ओढायला कॉर्नस्टार्च चोळून ठेवला होता, बराच निघाला. कप्प्याच्या तळाला दोन आणि मागे एक अशी हवेची भोकं पाडायचा बेत होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की पुढून हवा आत येईल असं एक भोक स्पिनरच्या (पंख्यापुढच्या टोपीच्या) मागे पाडलं तर कप्पा उडताना आपोआप धुतला जाईल. फक्त मफलरची घाण त्यातून आत जाऊ नये. तिरकं पाडून आतून बारीक जाळी लावावी का? कुणी केलं असेल तर भोकाचा व्यास सांगा. टिश्यू पेपर पुढच्या उड्डाणाला तसाच ठेवणार आहे, वजन कळवतो.