रजिस्टरातला १ जून

माझे बाबा आणि दोन्ही काका यांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी, १ जूनला येतो. बाबा १९६२ च्या गौरी-गणपतीत जन्मले, मोठे काका भातकापणीत आणि धाकटे होळीच्या आदल्या रात्री, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. परंतु शाळा जूनमध्ये सुरू होई आणि मुलाला सहा वर्षे पुरी झालेली दिसावी लागत, म्हणून गुरुजींनी तिघांच्याही नावापुढे १ जून लिहिला, आणि पुढे नोकरीपासून निवृत्तीपर्यंत तीच तारीख खरी ठरली. ज्या शाळेच्या रजिस्टरात ती लिहिली गेली, ती मंडणगड तालुक्यातील आमच्या वाडीची शाळा २०१८ साली बंद झाली.

ही शाळा सुरुवातीला आमच्याच घराच्या पडवीत भरत असे. तेव्हा ती लोकल बोर्डाची होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ती परिषदेकडे गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात गावकीने श्रमदानातून तिला स्वतःची इमारत दिली. मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या चाकरमान्यांनी वर्गणी पाठवली, ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी जांभ्याचे चिरे वाहिले, आणि आजोबांनी फणसाचे एक जुने झाड दारे-खिडक्यांसाठी तोडू दिले. खोली एक, गुरुजी एक आणि इयत्ता चार. चौथीतली मुले पहिलीकडून मुळाक्षरे गिरवून घेत, शेवटच्या तासाला सारी शाळा एका सुरात पावकी, निमकी आणि दिडकी म्हणे, आणि शनिवारी जमीन शेणाने सारवली जाई. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच तालुक्यात आहे, हे गुरुजी दर १४ एप्रिलला इतक्या अभिमानाने सांगत, की बाबांना तो दिवस आजही त्यांच्याच आवाजात आठवतो.

माझी आत्या मात्र त्या इमारतीत कधी बसली नाही. आजी शेतावर जाई, म्हणून तान्ह्या बाबांना कडेवर घेऊन आत्या पडवीतल्या शाळेत येत असे. बाळ रडू लागले की बाहेर अंगणात उभी राहून खिडकीतून पाढे ऐके. तिसरीत असताना तिचे येणे थांबले. त्याच उन्हाळ्यात शाळेच्या भिंतींसाठी लागणारे पाणी तिने विहिरीवरून हंड्याहंड्याने वाहिले.

शाळा बंद होण्यामागचे कारण आमच्या घरापासून वेगळे नाही. चौथी झालेली मुले पुढे शिकायला आणि मग नोकरीला मुंबईकडे गेली, त्यांची मुले विरार, नालासोपारा, डोंबिवली येथे जन्मली, आणि वाडीत पटावर दोनच नावे उरली. हे मान्य करूनही माझे मत असे आहे, की त्या दोन मुलांसाठी शाळा चालू राहायला हवी होती. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. या मुलांना मात्र तीन किलोमीटर चालावे लागले, आणि वाटेतल्या पऱ्याला पाणी आले की त्या दिवशी शाळा बुडू लागली.

बाबा ३१ मे २०२० रोजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. जन्मतारीख १ जून असलेल्यांची निवृत्ती आदल्या दिवशीच होते. तिसऱ्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आले आणि शाळेची कौले वाशांसकट उडाली. टाळेबंदीमुळे आम्ही मुंबईतच होतो. चुलतभावाने पाठवलेला फोटो बाबा बराच वेळ पाहत बसले, आणि मग त्यांनी एवढेच विचारले, की फळा भिंतीवर शिल्लक आहे का. फळा होता, कारण तो भिंतीतच सिमेंटने केलेला होता.

रजिस्टर आता केंद्रशाळेत आहे. गेल्या वर्षी बाबांच्या दाखल्याच्या कामासाठी मी तिथे गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी मायेने सारी पाने पाहू दिली. आत्याची नोंद निळ्या शाईत होती: वर्तणूक चांगली, शाळा सोडल्याची तारीख जून १९६३, कारण ‘सतत गैरहजर’. मी ती फोनवरून आत्याला वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाली, “जून नाही रे बाबा. मी शिमग्यालाच सोडली. जूनपर्यंत गुरुजींनी माझं नाव तसंच ठेवलं असणार.”