बाराशे वॅटचा स्पीकर

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या अँप-दुरुस्तीच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. बँजो पार्ट्यांचे अँप, मंडळांचे मिक्सर, सगळ्यांना 'उद्याच' हवं असतं. त्या गर्दीत एक काका आणि त्यांचा मुलगा रिक्षातून एक बास अँप घेऊन आले. दोघांनाही धाप लागलेली.

काका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. ठाण्यातलं गडकरी रंगायतन नाट्यगृह 1978 ला सुरू झालं, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी हा अँप घेतला होता. ट्रान्झिस्टरचा, 60 वॅट, मागे पत्र्यावर 'किमान 8 ओहम' असं कोरलेलं, म्हणजे स्पीकरचा विरोध त्याहून कमी नको. आतला पंधरा इंची स्पीकर मेला होता. कोनवर, म्हणजे पुढच्या पडद्यावर, दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हलकेच दाबला तर आत खरखर, म्हणजे आतली तारेची कॉइल जळून फुगलेली. मीटर तर काहीच दाखवेना.

मुलाने पिशवीतून नवाकोरा स्पीकर काढला. गाडीत लावायचा सबवूफर, वर चकचकीत अक्षरांत '1200 वॅट'. "साठच्या जागी बाराशे, मग आवाज फाडेल ना?"

मी मीटर लावला. साडेतीन ओहम. म्हणजे हा 4 ओहमचा. 8 मागणाऱ्या अँपला तो जोडला तर करंट दुप्पट खेचणार आणि आधी ट्रान्झिस्टर तापणार. खोक्यावर संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीत आवाज किती मोठा, 86 डेसिबल लिहिली होती. बास गिटारचे स्पीकर 97-98 च्या आसपास असतात. दर 3 डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे ह्या सबवूफरवर काकांचा 60 वॅटचा अँप जेमतेम 5 वॅटचा वाटला असता. मुलाला ते पटलं नाही. त्याने पावती खिशात घातली आणि गप्प बसला.

मग मी शहाणपणा केला. फळीवर सभा-कार्यक्रमांचा एक पंधरा इंची पीए स्पीकर पडून होता, 8 ओहम, 98 डेसिबल, मागे भलंमोठं मॅग्नेट. तो बसवला. काकांनी गिटार जोडली, वाजवली आणि दोन मिनिटांत थांबले.

"आवाज मोठा आहे रे. पण खालची तार पोकळ वाजतेय. मडकं वाजवल्यासारखी."

बरोबर होतं त्यांचं. बासची सगळ्यात जाडी तार 41 हर्ट्झवर असते. तो स्पीकर भोक ठेवलेल्या मोठ्या पेटीसाठी बनवलेला, आणि काकांची पेटी मागून पूर्ण बंद. इतक्या जोरदार मॅग्नेटचा स्पीकर बंद पेटीत घातला की खालचा आवाज लवकरच गळून जातो. हे मला माहीत होतं. गडबडीत पेटीकडे बघितलंच नाही. वीस वर्षांच्या धंद्यात एवढी चूक काकांच्या कानांनी पकडावी, लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन बंद पेटीत चालेल असा बास गिटारचा स्पीकर आणला. 8 ओहम, 150 वॅट. पेन्सिल सेल लावून कोन पुढे सरकतो का पाहिलं आणि प्लसवर खूण केली. स्क्रूची भोकं जुळेनात. नवी पाडली, जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या आणि फेव्हिकॉलने बुजवली, कडेला फोमची पट्टी चिकटवली. कोन दाबून सोडला तर पटकन न उसळता सावकाश परत आला. हवा कुठून निघत नव्हती.

काकांनी मोकळी जाडी तार छेडली. फळीवरचा स्क्रूंचा डबा थरथरला आणि मधूनमधून बोटाची टकटकही ऐकू आली. बाहेर एका मंडळाची पोरं मिक्सरसाठी खोळंबली होती, तीही गप्प झाली.

मुलगा सबवूफरकडे बघत म्हणाला, "मग हा?"

"गाडीत लाव," काका न थांबता म्हणाले, "आणि पावती दाखव बघू, कितीला आणलास ते."