मीटर बदला म्हणे!

बोटीची टाकी गळ्यापर्यंत भरलेली आणि इंधनाचा काटा शून्यावर ढिम्म. डीलरने बोट न बघताच फोनवर निदान केलं, "मीटर गेलाय, नवा टाका."

आज मल्टीमीटर घेऊन स्वतःच बसलो. टाकीवरच्या सेंडरची, म्हणजे इंधनाची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाची, गुलाबी वायर सोडवून अर्थला जोडली (इग्निशन बंद ठेवूनच, पेट्रोलपाशी ठिणगीचे लाड नकोत) आणि मग चावी फिरवली. काटा थेट फुलवर! म्हणजे मीटर ठणठणीत, वायरही शाबूत. सेंडरचा रोध मोजला. अमेरिकी पद्धतीच्या सेंडरला रिकाम्या टाकीत साधारण २४० ओहम आणि भरलेल्या टाकीत ३३ यायला हवेत. इथे सर्किटच तुटलेलं. आतली रेझिस्टन्सची पट्टी गंजली असणार, खाऱ्या हवेत दुसरं काय होणार!

डीलरला आकडे सांगितले, तर लगेच सूर बदलला. "हो हो, सेंडरच असेल, आम्ही तेच म्हणत होतो." कधी म्हणत होते, देव जाणे. वॉरंटीचं विचारल्यावर "साहेबांशी बोलून कळवतो."

सेंडर मागवलाय. पाच बोल्टची चकती बहुतेक सारखीच असते, टाकीची खोली मात्र मोजून कळवावी लागली. तीही मीच मोजली. सर्व्हिस चार्ज लावलाच तर कसला, हे विचारणार आहे.