नाव नाही म्हणून अडवलेला जन्मदाखला

बाळ नागपूरच्या दवाखान्यात असलं तरी जन्मदाखला बाळ जिथं जन्मलं तिथूनच मिळतो. हे काम पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

आमच्या लेकीच्या आतड्याला पीळ पडला. यवतमाळ जिल्ह्यातून रातोरात नागपूरला नेलं, काळं पडलेलं आतडं काढलं. उरलेलं इतकं तोकडं की नुसत्या दुधावर भागणार नव्हतं. म्हणून टीपीएन, म्हणजे साखर, प्रथिनं, चरबी, क्षार सगळं थेट मोठ्या शिरेतल्या नळीतून.

उपचाराच्या सरकारी योजनेच्या कागदांसाठी दाखला मागितला, अन् तिथंच आम्ही अडकलो. नोंदणीच्या खिडकीवरचा बाबू म्हणे, "नाव कायचं टाकू? पहिले नाव आणा, मंग दाखला नेजा." पोरगी काचेच्या पेटीत, पोटावर स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावलेली पिशवी, बारसं करणार कसं? तिची आई हटून बसलेली, "माही पोरगी घरी येऊ द्या, पाळण्यात टाकूनच नाव ठेवू." तिचं काय चुकलं? मी एसटीनं यायचो, बाबू जेवायला गेलेला; पुढच्या खेपेला ऑपरेटर सुटीवर. तिकडे दवाखान्यातून फोन, कागद आणा. शेवटी गावातल्या निवृत्त ग्रामसेवक काकांनी सांगितलं, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद होते, दाखलाही मिळतो. नाव १२ महिन्यांच्या आत फुकट टाकता येतं. तेच अर्जात लिहिलं अन् खिडकीवर म्हटलं, "नाही देत तर तसं लिहून द्या, अन् अर्जाची पोच द्या." त्याच दुपारी दाखला छापून निघाला, नावाची जागा कोरी ठेवून. ते होत होतं, तर इतके दिवस का फिरवलं? राग अजून गेला नाही.

अर्ज कुठलाही असो, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

टीपीएनची नळी असताना ताप आला तर गावच्या डॉक्टरची वाट पाहू नका, नळीतून रक्तात जंतू गेले असू शकतात. थेट मोठा दवाखाना. पिशवीतलं पाणी रोज मोजून लिहा. ते वाढलं की मीठ-पाणी निघून जातं अन् वजन अडतं. टीपीएन लांबलं की यकृतावर ताण येतो, डोळे पिवळे दिसतात. म्हणून आईचं दूध थेंबाथेंबानं वाढवत नेतात, आतडं त्यानंच कामाला लागतं. बाळ पीत नसलं तरी आईनं दूध काढत राहावं, नाहीतर आटतं. माझ्या बायकोनं दूध काढायची रात्रीचीही वेळ चुकवली नाही, म्हणून आज नळी निघाली आहे.

आणखी एक, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी पुढं केव्हा केव्हा करायची, हे सुटी होतानाच फाईलवर लिहून घ्या.