लाकडाखालचा बर्फ

अमेरिकेच्या उत्तर भागातील काही विद्यापीठांत बास्केटबॉल आणि आइस हॉकी हे दोन्ही खेळ एकाच छताखाली आणि एकाच जागेवर खेळले जातात. आज जिथे लाकडी मैदानावर चेंडूचे टप्पे पडतात, तिथेच उद्या स्केट घातलेले खेळाडू बर्फावरून पक नावाच्या रबरी चकतीच्या मागे धावत असतात. मी नाशिक परिसरात द्राक्षांच्या शीतगृहांची यंत्रणा उभारण्याचे काम करतो आणि कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलो आहे. त्यामुळे मुलीकडे मॅडिसनला गेलो, तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कोल सेंटर पाहण्याची मला फार उत्सुकता होती.

हे क्रीडागृह जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाले. याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झालेले हर्ब कोल यांनी त्यासाठी अडीच कोटी डॉलर दिले. बास्केटबॉलला येथे सुमारे १७ हजार प्रेक्षक बसतात, तर हॉकीला सुमारे १५ हजार. एकाच इमारतीत हा फरक का पडतो, याचे उत्तर मैदानांच्या मापांत आहे. तिथल्या विद्यापीठीय बास्केटबॉलचे मैदान ९४ बाय ५० फूट असते. उत्तर अमेरिकेतील हॉकीचे प्रचलित माप २०० बाय ८५ फूट आहे. म्हणजे हॉकीच्या एका मैदानाच्या क्षेत्रफळात बास्केटबॉलची साडेतीन मैदाने सहज मावतील. साहजिकच अशा क्रीडागृहांत खालच्या रांगा सरकत्या ठेवाव्या लागतात. बास्केटबॉलच्या वेळी त्या मैदानाच्या कडेपर्यंत पुढे येतात आणि हॉकीच्या वेळी मागे जातात.

माझे लक्ष मात्र जमिनीखाली होते. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे दाट जाळे पुरलेले असते आणि त्यातून गोठणबिंदू खाली आणलेले खारे पाणी किंवा ग्लायकॉल फिरते. ते थंड करणारी अमोनियाची यंत्रणा आमच्या पिंपळगाव, ओझर भागातल्या शीतगृहांतल्या यंत्रणेपेक्षा तत्त्वाने वेगळी नाही. लादीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ तयार करतात आणि हॉकीसाठी तो साधारण उणे ५ ते उणे ६ अंशांवर ठेवतात. खेळाच्या मध्यंतरात झांबोनी नावाचे यंत्र त्यावरून फिरते. त्याचे पाते बर्फाचा वरचा थर खरवडते आणि मागून गरम पाणी पसरले जाते. थंड पाण्याऐवजी गरम पाणी वापरतात, कारण ते जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा वितळवून त्याच्याशी एकजीव होते आणि त्यात विरघळलेली हवाही कमी असते. माझ्या व्यवसायातल्या माणसाला हे पाहताना वेळेचे भान राहत नाही.

बास्केटबॉलच्या सामन्यासाठी हा बर्फ वितळवत नाहीत. त्यावर आधी उष्णतारोधक फळ्या अंथरतात आणि त्यावर मेपलच्या लाकडाचे तक्ते एकमेकांत अडकवून मैदान उभे करतात. तक्त्यांवर क्रमांक असतात, कारण एकाची जागा चुकली तरी रेषा जुळत नाहीत. तयार हातांची तुकडी काही तासांत हे काम उरकते आणि ऐन हंगामात ते पुन्हा पुन्हा करावे लागते. प्रेक्षकांना त्यातले काहीच दिसत नाही, पण या इमारतीचा सगळा व्यवहार त्या माणसांवर चालतो असे माझे मत आहे.

खरा शत्रू उष्णता नाही, दमटपणा आहे. थंड पृष्ठभागाला दमट हवा लागली की तिच्यातले बाष्प पाणी होऊन बसते. आमच्याकडे थंड खोलीतली द्राक्षाची पेटी उघड्यावर आणली की मण्यांना घाम सुटतो आणि बुरशीची भीती उभी राहते. इथे तोच घाम लाकडावर सुटतो आणि खेळाडूचा पाय घसरतो. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी फिलाडेल्फियात फिलाडेल्फिया आणि सॅक्रामेंटो या व्यावसायिक संघांचा बास्केटबॉल सामना केवळ मैदान ओले झाल्यामुळे पुढे ढकलावा लागला होता. खाली हॉकीचा बर्फ होता आणि बाहेरची हवा नेहमीपेक्षा उबदार व दमट होती. त्याच्या उलट प्रकार २० मे १९७५ रोजी बफेलोत घडला. वातानुकूलन नसलेल्या सभागृहात हॉकीच्या बर्फावर इतके धुके साचले की सामना वारंवार थांबवावा लागला. म्हणून अशा इमारतीत हवेतली आर्द्रता काढून घेणारी यंत्रणा कॉम्प्रेसरइतकीच महत्त्वाची असते.

आपल्याकडे आइस हॉकी म्हणजे लडाख. तिथली मुले-मुली हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार होतात आणि २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, त्यात लडाखी खेळाडूंचाच मोठा वाटा होता. डेहराडूनला २०११ मध्ये बंदिस्त बर्फाचे मैदान बांधले गेले, पण ते पुढे वर्षानुवर्षे बंद राहिले आणि २०२५ मध्येच पुन्हा सुरू झाले. बर्फ राखण्याचा खर्च रोजचा असतो आणि खेळ मोसमी असतो. मॅडिसनमध्ये बास्केटबॉलची गर्दी त्याच इमारतीचा भार उचलते, म्हणून हॉकीचाही निभाव लागतो.

नाशिकला बर्फाचे मैदान हवे, असे मी म्हणणार नाही. मात्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ या दोन्हींची मुख्यालये ज्या शहरात आहेत, तिथे विद्यार्थ्यांसाठी मोठे बंदिस्त क्रीडागृह बांधायचे ठरले, तर ते बास्केटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉल या सर्वांना पुरेल अशा सरकत्या रांगांचे आणि उचलता येणाऱ्या तक्त्यांचे असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. श्रावणातल्या दमट हवेत लाकडी मैदान फुगते, तक्त्यांचे सांधे वर येतात आणि चेंडूचा टप्पा बदलतो. त्यासाठी आर्द्रता नियंत्रणाच्या वाहिन्यांची जागा नकाशातच धरावी लागते. इमारत उभी राहिल्यावर ती सोय करायला गेले की छत फोडावे लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. द्राक्षांमुळे थंडी आणि दमटपणा यांचा हिशेब जाणणारे कारागीर आणि अभियंते नाशिक जिल्ह्यात गावोगावी आहेत. वास्तुविशारदाचा पहिला आराखडा तयार होत असतानाच त्यांना बैठकीला बोलवावे.